गाठीचा ताप

मांडवी, सप्टेंबर १८९६. गणपती बोळवून झाले आहेत, पितृपंधरवडा लागला आहे. तुम्ही एका कच्छी व्यापाऱ्याच्या वखारीत आवकजावक लिहिणारे कारकून आहात. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, पुढ्यात चोपडी. बाहेरच्या अरुंद गल्लीत गोदीकडून आलेले खटारे एकमेकांत अडकले आहेत आणि गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत आहेत. यंदा पाऊस आधी नको तितका कोसळला आणि मग अवेळीच थांबला. देशावर पिकं करपली, धान्याचे भाव चढले, म्हणून वखारीत गोण्या छतापर्यंत लागल्या आहेत.

साताऱ्याकडचा एक हमाल गोणी ओढतो आणि मागे सरतो. गोणीमागे तीन उंदीर मरून पडले आहेत. चौथा जिवंत आहे, पण माणसाला पाहून पळत नाही. उजेडात येतो, झिंगल्यासारखा दोन पावलं चालतो आणि कलंडतो.

"दादा, आठ दिस झालं, उंदरं पडत्यात," हमाल म्हणतो. "आन् पल्याडच्या वखारीतलं दोघं तापानं गेलं. जांघेत गाठ आली हुती म्हनं."

शेटजी चोपडीतून मान वर करत नाहीत. उंदीर मेले तर धान्य वाचलं, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात आहे. मुंबईत ताप नवा नाही. पटकी दरवर्षी येते, देवी येतात, पावसाळ्यानंतर हिवतापानं अर्धी गल्ली अंथरुणाला खिळते. त्यात आणखी एक ताप.

तुम्हाला मात्र पुढचं सगळं ठाऊक आहे, कारण तुम्ही सव्वाशेहून अधिक वर्षं पुढून आला आहात. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, अंगावरच्या पिसवा नवं ऊबदार शरीर शोधतात आणि जवळच्या माणसाला चावतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये सापडलेला आहे. पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे आज जगात कोणालाच माहीत नाही. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९८ साली कराचीत प्रयोग करून पिसूचं नाव घेईल, आणि त्याच्यावरही वैद्यक जगत कित्येक वर्षं विश्वास ठेवणार नाही. तुम्ही आत्ता उठून "पिसवा, पिसवा" म्हणून ओरडलात तर हमाल तुमच्याकडे काळजीनं पाहील आणि तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल.

म्हणून तुम्ही गप्प बसता. मेलेल्या उंदरांना हात लावू नकोस, एवढं त्याला सांगता. तो मान हलवतो आणि शेपटीला धरून उंदीर टोपलीत टाकतो. टोपली रिकामी करणं हे त्याचं काम आहे, आणि काम नाकारलं तर उद्या दुसरा हमाल उभा आहे.

मांडवीत दवाखाना असलेला एक डॉक्टर मात्र त्या गाठींकडे नीट पाहतो आहे. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. गोव्यातल्या हडफड्याचे, वय चाळीस, मुंबई महापालिकेचे सभासद. एकाच भागातले रोगी, फणफणता ताप, तारवटलेले डोळे, दारू प्यायल्यासारखी अडखळती जीभ, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ, आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. २३ सप्टेंबरला स्थायी समितीत उभं राहून ते सांगतात की हा प्लेग आहे.

ही बातमी तुम्ही दुसऱ्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर ऐकता. घोड्याची ट्राम भायखळ्याकडे निघते आणि आतले सगळे एकदम बोलू लागतात. एक पारशी गृहस्थ म्हणतात की प्लेग युरोपात होता, तोही दोनशे वर्षांपूर्वी. एक वकील म्हणतो की डॉक्टरनं जरा दमानं घ्यायला हवं होतं. प्लेग हा शब्द परदेशच्या बंदरांत पोचला की मुंबईच्या बोटी अडवतील, कापूस पडून राहील, गिरण्या बंद होतील. तिसरा म्हणतो, हा साधा गाठीचा ताप आहे, ओल्या हवेनं येतो. हीच भाषा तुम्हाला आठवडाभर सरकारी कागदांतही सापडेल: संशयास्पद ताप, विशिष्ट प्रकारचा ताप. थोड्याच दिवसांत मराठी पत्रं त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणू लागतील.

या लोकांवर तुम्हाला राग येतो, आणि तो आवरायला हवा. त्यांच्याजवळ तुमचं उत्तर नाही. शहरात अजून मृत्यूंची मोठी लाट नाही, काही गल्ल्यांत काही माणसं गेली आहेत. त्या वकिलाची भीतीही खोटी नाही. पुढच्या फेब्रुवारीत व्हेनिसला सगळ्या युरोपची परिषद भरेल, मुंबईच्या बोटींवर निर्बंध येतील, हजची यात्रा इथून बंद होईल. घाबरलेला माणूस आधी आपल्या पोटाकडे बघतो, आणि मुंबईचं पोट बंदरावर आहे. अशा शहरात उभं राहून नको असलेला शब्द मोठ्यानं उच्चारणाऱ्या व्हिएगस यांचं मला फार मोल वाटतं. सरकारनं त्यांचं निदान पडताळून पाहायला माणसं नेमली. कलकत्त्याहून जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येऊन पोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत सूक्ष्मदर्शक लावून बसले. निदान खरं निघालं.

तुमची खोली भायखळ्याला एका चाळीत आहे. तळमजल्यावर रत्नागिरीकडची एक विधवा बाई गिरणीकामगारांची खाणावळ चालवते. सगळे तिला मावशी म्हणतात. चाळीस जण तिच्याकडे जेवतात. एका खोलीत आठ-दहा माणसं पाळीपाळीनं झोपतात, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच घोंगडीवर अंग टाकतो. पिसवांबद्दल जे तुम्हाला ठाऊक आहे ते या घोंगड्यांकडे पाहताना आठवतं आणि झोप उडते.

६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांचा हुकूम निघतो. रोग्याला घरात ठेवायचं नाही, वेगळं काढायचं, गरज पडली तर जबरदस्तीनं रुग्णालयात न्यायचं. रोग निघालेलं घर धुऊन, चुना मारून, औषध शिंपडून साफ करायचं. हुकूम बंबासारखा येतो. खरोखरच बंब येतात. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडतात, जिन्यांवर फवारे मारतात, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून कौलं काढतात, गाद्या आणि चटया रस्त्यात आणून जाळतात. आरोग्याधिकारी डॉ. वेअर यांची माणसं दिवसरात्र राबत आहेत आणि त्यांच्या मेहनतीत खोट नाही. रोग घाणीत, ओलाव्यात, कोंदट हवेत असतो अशी त्यांची शास्त्रीय समजूत आहे आणि त्या समजुतीप्रमाणे ते बरोबर वागत आहेत. गटारांत पाणी सुटलं की उंदीर घरांत शिरतात, हे त्यांच्या हिशेबात नाही. तुमच्या हिशेबात आहे. तुम्ही दारात उभे राहून मोरीच्या भोकातून वर येणारा ओला उंदीर बघता आणि मोरीवर पाटा ठेवता.

कार्बोलिकचा वास भाताला लागतो. मावशी दोन दिवस जेवण फेकून देते.

मग वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचा मुलगा तापतो. सहा-सात वर्षांचा. आई त्याला मांडीवर घेऊन बसली आहे, बाप दाराला आतून टेकून उभा आहे. मुलाच्या काखेला हात लागला की तो किंचाळतो. तुम्ही जिन्यात आहात. पूर्ण चाळीला माहीत आहे आणि पूर्ण चाळ गप्प आहे. खालून कोणी विचारलं तर मावशी सांगते, "पोराला गोवर आलाय." तुम्हीही तेच सांगता. तुमच्या काळात तुम्ही अशा लपवालपवीवर चिडून बोलला असाल. इथे जिन्यात उभं राहून पाहिलं की कळतं, त्या आईच्या पुढ्यात दोनच वाटा आहेत. मूल मांडीवर मरेल, किंवा आर्थर रोडच्या रुग्णालयात परक्यांच्या हातात मरेल. मूल वाचेल अशी तिसरी वाट अजून कोणीच तयार केलेली नाही. प्लेगवर औषध नाही, आणि रुग्णालयालाही ते माहीत आहे.

आर्थर रोडचं रुग्णालय तुमच्या चाळीपासून फार लांब नाही. तिथे डॉ. नसरवानजी चोक्सी रोग्यांत वावरतात, स्वतःचा जीव धोक्यात घालून. पण लोकांना दिसतं ते एवढंच की डोलीतून माणूस आत जातो आणि बाहेर येते ती मढ्याची तिरडी. घरचे लोक रोगी शेवटच्या घटकेपर्यंत लपवतात, म्हणून आत पोचणारा रोगी बहुधा हाताबाहेर गेलेला असतो. तो मरतो, म्हणून पुढचं घर आणखी घट्ट दार लावून घेतं. आत कोणाच्या हातचं पाणी प्यावं लागेल, बाईमाणसाच्या अंगाला कोण हात लावेल, मेल्यावर अग्नी कोण देईल, या प्रश्नांची उत्तरं कोणी देत नाही. हुकूम इंग्रजीत निघतो, त्याचं भाषांतर भिंतीवर लागतं, आणि चाळीत वाचता येणारे तुमच्यासारखे चार.

जिथे उत्तर मिळत नाही तिथे लोक आपलं उत्तर बनवतात. मावशीच्या खाणावळीत रात्री पंगत बसली की तुम्ही ती उत्तरं ऐकता. रुग्णालयात माणसाला उलटं टांगतात आणि डोक्यातून मोमियाई नावाचं गुणकारी मलम काढतात. डॉक्टर सुई टोचून मारतात, कारण रोग्यांची संख्या कमी दाखवायची आहे. याच ऑक्टोबरात कोणीतरी रात्री राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. कोणी फासलं हे अजून कोणाला माहीत नाही, पुढच्या वर्षी दामोदर चापेकर ते कबूल करतील. पंगतीत मात्र गोष्ट तयार आहे: राणी कोपली, तिनं मुंबईकरांची काळजं मागितली, आणि ती काळजं काढायची जागा म्हणजे आर्थर रोड.

या बोलण्याला हसणं सोपं आहे आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी ते आपल्या अहवालांत भोळ्या लोकांच्या खुळचट कल्पना म्हणून नोंदवलं. मला त्यात खुळचटपणा दिसत नाही. ज्या सरकारनं आजवर चाळीत येऊन कधी नळ चालतो का एवढंही विचारलं नाही, ते एकाएकी तुमच्या मुलाच्या काखेत हात घालायला येतं. का येतं? त्याला काहीतरी हवं असणार. चाळीस गिरणीकामगार ताटावर बसून हाच विचार करत आहेत आणि तो विचार तर्काला धरून आहे. चुकलेला आहे तो पुरावा. पुरावा देणं ज्यांचं काम होतं त्यांनी तो दिला नाही. हाफकिन यांच्या काचेखाली जे दिसलं ते भायखळ्यातल्या चार माणसांना बोलावून दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही, पण कोणी बोलावलं नाही एवढं खरं.

वरच्या मजल्यावरचा मुलगा तिसऱ्या रात्री जातो. पहाटेच्या आत त्याला सोनापूरच्या स्मशानात नेतात. तुम्ही खांदा देता. त्याचं वजन इतकं कमी आहे की चौघांची गरज नव्हती, तरी चौघं आहेत.

२९ ऑक्टोबरला दुपारी चाळीतले बरेचसे पुरुष जेवायला येत नाहीत. हजारभर गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले आहेत. तुम्ही धावत जाता तेव्हा दगड पडत आहेत, काचा फुटत आहेत. गर्दीत तुम्हाला त्या मुलाचा बाप दिसतो. त्याच्या हातात दगड नाही. तो नुसता आतल्या आवारात शिरून खाटा मोजत फिरतो आहे, जणू त्याला खात्री करून घ्यायची आहे की इथे लपवून ठेवलेली मुलं नाहीत. नर्सा आणि वॉर्डबॉय एका खोलीत कोंडून घेऊन बसले आहेत. ते कोणाचे शत्रू आहेत? त्यांच्यातल्या कितीकांना पुढच्या महिन्यांत हाच रोग नेईल.

दुसऱ्या दिवशी, ३० ऑक्टोबरला, हुकूम सैल होतो. घरात रोग्याला वेगळं ठेवण्याची नीट सोय असेल तर त्याला न्यायचं नाही. शहाणपणाचा निर्णय होता. त्यामागचं कारण मात्र बारकाईनं पाहण्यासारखं आहे. आयुक्तांना सगळ्यात जास्त धास्ती होती ती हलालखोरांची. तेव्हाच्या मुंबईत घराघरातला मैला माणसं डोक्यावरून वाहत होती. जबरदस्तीला भिऊन ती हजारो माणसं गावी निघून गेली असती तर आठवड्याभरात शहर राहण्याजोगं उरलं नसतं. म्हणजे ज्यांची सावली चाळीला चालत नव्हती, त्यांच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेनं सरकारला नमवलं. चाळीत ही गोष्ट कोणी बोलत नाही. पहाटे मागच्या बोळात टोपली घेऊन येणाऱ्या बाईला कोणी नमस्कार करत नाही. तुम्ही करता, ती दचकते आणि भराभर निघून जाते.

दिवाळी येते. पणत्या लागतात. रोग काही दिवस थबकल्यासारखा वाटतो आणि ट्राममधला तो वकील म्हणतो, "सांगत नव्हतो मी?"

डिसेंबरात थंडी पडली की प्लेग पेटतो. आता मांडवी, डोंगरी, उमरखाडी, कामाठीपुरा, सगळीकडे. घरांच्या दारांवर तांबड्या रंगाची वर्तुळं दिसू लागतात, एका रोग्याला एक वर्तुळ. काही घरांवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवतात, यू. एच. एच., म्हणजे माणसानं राहायला नालायक घर. तुम्ही वखारीत जाताना वर्तुळं मोजायचं सोडून देता. सोनापूरचा धूर दिवसा विरत नाही. रस्त्यावर दोन ओळखीची माणसं भेटली की एकमेकांच्या मानेकडे आणि चालण्याकडे बघतात. शिंकेला कोणी भीत नाही, भीती आहे ती लंगडण्याची. जांघेत दुखलं की माणूस पाय फाकवून चालतो, आणि तसं चालणारा दिसला की फुटपाथ मोकळा होतो.

मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं शहर निघून जाईल. तुम्ही हे आकडे वाचले होते. प्रत्यक्षात ते असे दिसतात: बोरीबंदरवर वळकट्या, पिंजऱ्यातले पोपट, शिवणयंत्र, म्हाताऱ्या आया, आणि तिकीट खिडकीपर्यंत पोचायला दोन दिवस. वखारीच्या गल्लीत एकावर एक कुलपं. गिरण्यांत माग थांबलेले. एरवी कामगाराचा पगार महिना-दीड महिना अडकवून ठेवणारे गिरणीवाले आता रोजच्या रोज रोख मोजतात. नाक्यावर उभं राहून एक जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, ओरडतो, दुसरा त्याहून दोन आणे जास्त सांगतो, आणि कामगार जास्तीच्या बोलीकडे वळतो. मावशीच्या खाणावळीत आता अकरा जण जेवतात. त्यांतला एक म्हणतो, "आयुष्यात पहिल्यांदा जॉबरानं मला 'या' म्हटलं." असं म्हणून तो जेवता जेवता रडतो, कारण त्याच्याबरोबर या पंगतीत बसणारे त्याचे दोन्ही भाऊ गेले आहेत.

जाणाऱ्या गाड्यांत रोगही चढतो. पुण्याला निघालेली एक गाडी तुम्ही डोळ्यांनी पाहता. त्या शहरात पुढच्या काही महिन्यांत काय होणार आहे ते तुम्हाला पाठ आहे. सावित्रीबाई फुले मुंढव्याजवळच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेतील आणि १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं जातील. प्लेग अधिकारी रँडची माणसं घराघरांत शिरतील, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातील. गाडी शिट्टी देते. तुम्ही फलाटावर उभे असता आणि गार्डाला सांगण्याजोगं एकही वाक्य तुमच्याजवळ नसतं. ४ फेब्रुवारीला सरकार साथीच्या रोगांचा कायदा करील. चार कलमांचा, कोणालाही कुठेही अडवण्याची, तपासण्याची मुभा देणारा. तो कायदा तुमच्या ओळखीचा आहे. मार्च २०२० मध्ये तोच पुन्हा बाहेर काढला गेला होता.

जानेवारीच्या १० तारखेला हाफकिन यांनी आपली लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना टोचली, ज्यांनी तयारी दाखवली त्यांना, आणि ज्यांना टोचली त्यांच्यात रोग कमी झाला. तीन महिन्यांत, एका खोलीत, मोजक्या मदतनिसांनिशी माणसानं हे केलं, याचा विस्मय मला आजही ओसरत नाही. पण टोचून घेण्याची वार्ता चाळीत येते तेव्हा तिच्याआधी पोचलेल्या सुयांच्या गोष्टी तिथे तळ ठोकून असतात. तुम्ही मावशीला सांगता की त्या डॉक्टरनं आधी स्वतःला टोचली. ती थांबते. "सोताला?" ती विचारते. "कुणी बघितली?" कॉलेजातल्या डॉक्टरांनी, तुम्ही सांगता. ती पुन्हा तव्याकडे वळते. कॉलेजातले डॉक्टर तिच्या ओळखीचे नाहीत. त्याच हाफकिन यांनी भायखळ्याच्या चौकात बाही वर करून टोचली असती तर तिनं स्वतः जाऊन बघितलं असतं, असं मला वाटतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावशी जायचं ठरवते. खाणावळीत जेवणारे तिघे उरले आहेत आणि मोरीत काल दोन उंदीर पडले. भाऊच्या धक्क्यावर आगबोटीसाठी रांग आहे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. बंदराबंदरावर आगबोट थांबेल, माणसं पडावात उतरतील आणि खाडीखाडीनं गावोगाव जातील. धक्क्यावर कोणी बोलत नाही असं नाही, उलट फार बोलतात. जयगडला उतरू देत नाहीत म्हणे. आमच्या गावानं वेशीवर काट्या टाकल्यात. मुंबईहून आलेल्या एका पोराला त्याच्या सख्ख्या चुलत्यानं पडवीतही घेतलं नाही, तो आंब्याखाली मेला.

मावशी वळकटीवर बसते आणि तुमच्याकडे बघते. "तुम्ही लिवनारे," ती म्हणते. "गावाला कागद लिवा. माझ्या आधी पोचायला हवा."

"काय लिहू?"

"तुम्हाला काय ठाऊक हाय ते लिवा."

तुम्ही गुडघ्यावर कागद ठेवता. ठाऊक आहे ते फार आहे आणि त्यातलं कामाला येईल ते थोडं. पिसू लिहिण्यात अर्थ नाही. तुम्ही लिहिता: घरात, वाड्यात, भाताच्या कणगीपाशी उंदीर मरून पडलेले दिसले तर माणूस तापायची वाट बघू नये, त्याच दिवशी सगळ्या गावानं घरं सोडावी. माळावर झोपड्या घालून राहावं. घरातलं धान्य आणि अंथरूण-पांघरूण बरोबर नेऊ नये, न्यायचंच तर दोन-चार दिवस कडक उन्हात टाकावं. मेलेल्या उंदराला हात लावू नये, लांबून काठीनं सारून जाळावा. उंदीर पडायचे थांबले तरी महिनाभर परत येऊ नये.

वाचून दाखवता. ती लक्ष देऊन ऐकते. झोपड्यांचं तिला पटतं. घाटावर आमच्या सोयऱ्यांकडे करतात असं, ती म्हणते, महामारी आली की गाव रानात जातं. धान्याचं पटत नाही. "भात सोडून रानात काय खायाचं?" तुम्ही म्हणता, शेजारच्या गावातून आणायचं. ती मान हलवते, मग म्हणते, असू दे, लिवलंय तर असू दे.

"आता माझं लिवा," ती सांगते. "मुंबईहून आलेल्याला हाकलू नये. त्याला वेगळी झोपडी द्यावी. पंधरा दिवस गावात फिरू देऊ नये. दोन वेळचं जेवण लांबून ठेवावं आणि हाक मारून सांगावं, ठेवलंय म्हणून. तापला तर घरच्या एकानं जवळ बसावं, एकानंच. मेला तर चौघांनी न्यावा."

तुम्ही लिहिता. खाली कोणाचं नाव घालायचं, असं विचारता.

"माझं घाला. मला वळखतात." ती कागदाकडे बघते, तिला वाचता येत नाही, तरी ओळी बोटानं मोजते. "आन् वर लिवा, हा कागद खोतानं वाचू नये. खोतानं वाचला तर लोकांना वाटंल काहीतरी वसूल करायचंय. शाळेच्या मास्तरानं देवळात वाचावा, बायकांना बोलावून, आणि दोनदा वाचावा."